एसीएम खालून वर लावायचे : ताम्हिणीकडच्या एका केयू-बँड लिंकचे प्रकरण

भोसरीत नियंत्रण कक्ष आणि मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या बाजूला, धरणाच्या पाणलोटात एक मोजणी ठाणे. ठाण्यावर पाणीपातळीचा सेन्सर, पर्जन्यमापक, दोन कॅमेरे आणि एक आयपी फोन. घाटात फायबर टिकत नाही आणि मोबाइलचे नेटवर्क पावसाळ्यात भरवशाचे नाही, म्हणून सगळा डेटा उपग्रहावरून येतो. या लिंकवर एसीएम, म्हणजे मिळणाऱ्या सिग्नलनुसार डेटाचा वेग आपोआप बदलणारी यंत्रणा, कशी लावायची ते इथे पाहू. ही लिंक कोण्या एका संस्थेची नाही. या भागातल्या केयू-बँड लिंकवर जे घडते ते एका नमुन्यात बसवून, आकड्यांसह मांडले आहे. मॉडकॉडचे (चिन्हांवर बिट बसवण्याची पद्धत आणि चुका सुधारणाऱ्या जादा बिटांचे प्रमाण यांची जोडी) आकडे डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या मानकाचे आहेत, बाकीचे त्यावरून आणि नमुन्याच्या गृहीतकांवरून मांडलेले गणित.

पुणे जिल्ह्याला उपग्रह दळणवळण नवे नाही. नारायणगावजवळचे आर्वीचे विक्रम भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. पण ते कमी फ्रिक्वेन्सीच्या सी-बँडचे होते आणि त्या पट्ट्यात पाऊस फारसा आडवा येत नाही. केयू-बँडमध्ये खाली येणारा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि वर जाणारा १४ च्या आसपास असतो. इथे सह्याद्रीचा पाऊस थेट डेसिबलमध्ये (सिग्नल किती पटींनी घटला याचे माप) मोजावा लागतो. ८३ अंश पूर्वेचा उपग्रह (जीसॅट-३० तिथेच आहे) पुण्यातून साधारण १५३ अंश दिगंशावर (उत्तरेपासून मोजलेली दिशा), ६६ अंश उंचीवर दिसतो. उंची चांगली असल्याने सिग्नलचा पावसातला प्रवास तुलनेने छोटा होतो, तरीही घाटातली जोराची सर दहा डेसिबल खाऊ शकते.

अडचण अशी की ज्या तासाला पाऊस सर्वात जोरात, त्याच तासाला धरणाची पातळी हवी असते. कोरड्या दिवशी लिंक किती वेगाने चालते हा दुय्यम प्रश्न आहे. एसीएम लावताना नेमके याच्या उलट होते: सगळे लक्ष वरच्या मॉडकॉडकडे आणि वाढलेल्या एमबीपीएसकडे जाते, खालची पायरी कंपनीच्या डिफॉल्टवर राहते.

आधीची मांडणी

ताम्हिणी ते भोसरी ही मुख्य दिशा, कारण डेटा तिकडूनच येतो. सिम्बॉल रेट २.० एमएसपीएस (सेकंदाला वीस लाख चिन्हे), रोल-ऑफ (कडेची जास्तीची जागा) २० टक्के, म्हणजे २.४ मेगाहर्ट्झ जागा. ठाण्यावर १.८ मीटरची डिश आणि १६ वॅटचा बीयूसी (सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन मोठा करणारे उपकरण), भोसरीत ३.८ मीटरची डिश. मॉडकॉड कायमचा क्यूपीएसके ३/४ (एका चिन्हात दोन बिट, त्यातला तीन चतुर्थांश खरा डेटा), म्हणजे २.९७ एमबीपीएस. उलट दिशेला, भोसरी ते ताम्हिणी, १.० एमएसपीएसवर कायम ८पीएसके २/३ (एका चिन्हात तीन बिट).

मुख्य दिशेला एयूपीसी (पाठवण्याची पॉवर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा) चालू होते. भोसरीत ईएस/एन-नॉट (एका चिन्हाची ऊर्जा आणि नॉइज यांचे गुणोत्तर) ७ डेसिबल राहील इतकीच पॉवर ठाण्याने सोडायची आणि पाऊस आला की ती कमाल ७ डेसिबलने वाढवायची. क्यूपीएसके ३/४ ला मानकाप्रमाणे ४.०३ डेसिबल लागतात. खऱ्या मोडेमचा तोटा ०.८ धरला तर ४.८. दोन्ही कॅमेरे १.५ एमबीपीएसवर लावले की लिंक भरते. त्यामुळे मागणी आली: त्याच जागेत जास्त वेग द्या आणि पावसात टिकवा. एसीएम यासाठीच असते. सिम्बॉल रेट आणि पॉवर तीच राहते. समोरचा मोडेम किती ईएस/एन-नॉट मिळतो ते परत कळवतो आणि पाठवणारा त्यानुसार मॉडकॉड बदलतो. प्रत्येक फ्रेमच्या (डेटाच्या एका गठ्ठ्याच्या) हेडरमध्ये मॉडकॉड लिहिलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याला आधी सांगावे लागत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पाहावी. उपकरणे ई१ किंवा सिरियल सिंक्रोनस अशा ठरावीक वेगाच्या पोर्टवर असतील तर एसीएम विसरा. वेग बदलता असल्याने डेटा इथरनेटवरच हवा. इथे तो होता.

चालू केले आणि क्यूपीएसके ५/६ च्या वर जाईना

पहिल्या दिवशी मुख्य दिशेला एसीएम चालू केले. २८ च्या २८ मॉडकॉड खुले, मार्जिन (हाताशी राखलेली जागा) १.० डेसिबल. आकाश निरभ्र. लिंक क्यूपीएसके ५/६ वर जाऊन थांबली. गणित केले तर कारण लगेच दिसते: मानकाचे ५.१८ अधिक तोट्याचे ०.८ अधिक मार्जिनचे १.० म्हणजे ६.९८. त्याच्या वरचा ८पीएसके ३/५ मागतो ७.३. एयूपीसी मात्र सिग्नलला ७.० च्या वर जाऊच देत नाही. दोन यंत्रणा एकाच आकड्याला धरून बसतात आणि एयूपीसी जिंकते. नियम सरळ आहे: ज्या कॅरियरवर एसीएम, त्यावर एयूपीसी बंद. पॉवर उपग्रह चालवणाऱ्याने मंजूर केलेल्या पातळीवर कायम ठेवायची. ती मंजुरी कागदावर किती आहे ते आधी तपासा. एयूपीसीने अधूनमधून वापरलेली कमाल पॉवर चोवीस तास वापरायला चालेल, असे गृहीत धरू नका.

एयूपीसी बंद करून पॉवर ७ डेसिबलने वाढवली. भोसरीत १४.० दिसायला हवे होते, दिसले १३.४. हा ०.६ चा फरक डोळ्याआड करू नये. लिंक थेट १६एपीएसके ४/५ (एका चिन्हात चार बिट) वर चढली आणि निरभ्र आकाशात पॅकेट गळू लागले. रीडिंग १३.४, लागणारे ११.८, तरीही न सुधारलेल्या फ्रेम्सचा आकडा थोड्या थोड्या वेळाने वाढतच होता.

कारण बीयूसी. पॉवर मर्यादेजवळ गेल्यावर तो मोठ्या सिग्नलला दाबतो आणि त्याचा फेजही फिरवतो. क्यूपीएसके आणि ८पीएसकेमध्ये सगळी चिन्हे एकाच वर्तुळावर असतात, त्यामुळे हे फारसे जाणवत नाही. १६एपीएसकेमध्ये दोन वर्तुळे असतात. बाहेरचे दाबले जाते आणि आतल्याच्या तुलनेत वळते. आधी क्यूपीएसके चालू असल्याने आणि कमाल पॉवर फक्त पावसात लागत असल्याने हे कधी समोर आलेच नव्हते. त्यातून अनेक मोडेम ईएस/एन-नॉट पायलट (डेटात मध्ये मध्ये पेरलेली ठरावीक चिन्हे) आणि हेडरच्या चिन्हांवरून मोजतात आणि त्यांचा आकार एकसारखा असतो. त्यामुळे रीडिंग निरोगी दिसते आणि फ्रेम मरते. एसीएम फक्त रीडिंग ऐकते, म्हणून खाली उतरतही नाही.

याची चाचणी सोपी आहे. ठाण्याच्या मोडेमची पॉवर १ डेसिबलने कमी करा आणि भोसरीतले रीडिंग पाहा. १ डेसिबलच्या आसपास उतरले तर बीयूसी सरळ रेषेत आहे, ०.५ किंवा त्याहून कमी उतरले तर तो दाबला जातोय. इथे ०.४ च उतरले. एकूण २ डेसिबल कमी केल्यावर रीडिंग ११.९ वर स्थिरावले आणि १६एपीएसके २/३ वर गळती थांबली. १३.४ वरून ११.९ वर येताना जीव हळहळतो, पण तो १.५ डेसिबल कागदावरच होता.

१६एपीएसके ३/४ ला १०.२१ अधिक १.८ म्हणजे १२.० लागतात, आपल्याकडे ११.९. त्यामुळे कमाल मॉडकॉड १६एपीएसके २/३ वरच बांधला. वरची पायरी खुली ठेवली असती तर एखाद्या थंड रात्री लिंक तिच्यावर चढली-उतरली असती, हाती काही लागले नसते. २/३ वर ५.२७ एमबीपीएस मिळतात, पायलट चालू ठेवून ५.१५. पायलट चालूच ठेवा. अडीच टक्क्यांच्या आसपास वेग जातो, पण एलएनबीच्या (डिशवर आलेला क्षीण सिग्नल मोठा करणारे उपकरण) फेज नॉइजमध्ये आणि तळाच्या मॉडकॉडवर लॉक (मोडेमची सिग्नलवरची पकड) टिकवायला तेच कामी येतात.

वळवाच्या सरीत लिंक पडते ती अशी

ही मांडणी तशीच ठेवली तर मे महिन्यातली पहिली जोराची सर लिंक पूर्ण पाडते. घटनाक्रम नीट पाहण्यासारखा आहे, कारण बहुतेक ठिकाणी एसीएमबद्दलची तक्रार याच साखळीतून येते.

उलट दिशेचा कॅरियर आपण कायम ८पीएसके २/३ वर ठेवला होता. ‘तिकडे काही अडत नाही’ म्हणून. त्याचे ठाण्यावरचे रीडिंग १२.०, लागणारे ७.४, म्हणजे ४.६ डेसिबलची ऐसपैस जागा वाटते. पण खाली येणाऱ्या सिग्नलवर पाऊस दोनदा घाव घालतो: सिग्नल क्षीण करतो आणि स्वतःची उष्णता एलएनबीला ऐकवतो. डिश आणि एलएनबी मिळून नॉइज १२० केल्विन धरा. २ डेसिबलच्या पावसाने त्यात सुमारे १०० केल्विनची भर पडते, म्हणजे नॉइज २.७ डेसिबलने वाढतो. एकूण फटका ४.७. अवघ्या २ डेसिबलच्या सरीत उलट दिशा तुटली.

त्या क्षणी मुख्य दिशा ठणठणीत होती. १४ गिगाहर्ट्झला पाऊस साधारण दीडपट लागतो, म्हणजे ३ डेसिबल गेले आणि रीडिंग ८.९ राहिले. मॉडकॉड ८पीएसके २/३. पण भोसरीचे रीडिंग ठाण्याला कळते ते उलट दिशेच्या कॅरियरवरूनच, आणि तो तर तुटला. ठाण्याच्या मोडेममध्ये ‘अहवाल थांबल्यास शेवटचा मॉडकॉड कायम’ हे डिफॉल्ट होते. सर वाढून ४ डेसिबल झाली, मुख्य दिशेचे ६ गेले, रीडिंग ५.९. ८पीएसके २/३ ला ७.४ हवेत. लिंक गेली. याच ५.९ वर क्यूपीएसके ३/४ आरामात चालला असता, पण उतरायला सांगणारे कोणी उरले नव्हते.

खालून वर

म्हणून मांडणी पायथ्यापासून पुन्हा केली. पहिला प्रश्न: सर्वात वाईट तासात काय पोचलेच पाहिजे? पातळी आणि पर्जन्यमापक मिळून २० केबीपीएसच्या आत, एक-दोन फोन कॉल (आवाज दाबून पाठवणाऱ्या जी.७२९ पद्धतीचा एक कॉल आयपीसह २४ केबीपीएस) आणि कॅमेऱ्याचे मिनिटाला एक स्थिरचित्र. हे सगळे क्यूपीएसके १/४ वर, पायलट धरून ०.९६ एमबीपीएसमध्ये सहज मावते. म्हणजे किमान मॉडकॉड क्यूपीएसके १/४ ठेवता येतो. मानकाप्रमाणे त्याला उणे २.३५ लागतात, खऱ्या मोडेमवर उणे १.५ च्या आसपास. ११.९ वरून मोजले तर १३.४ डेसिबलचा पाऊस सहन होतो. जुन्या मांडणीत कमाल पॉवरवरही ही जागा ८.६ होती.

मग उलट दिशा. इथे वेग नको, भरवसा हवा, कारण मुख्य दिशेचा लगाम या कॅरियरच्या हातात आहे. त्यालाही एसीएम, क्यूपीएसके १/४ ते ८पीएसके २/३. तळाला ४९० केबीपीएस, अहवालांसाठी पुष्कळ. आता त्याच्याकडे १३.५ डेसिबलची जागा आहे. नॉइजसह हिशेब केला तर ती ११ गिगाहर्ट्झच्या ८.७ डेसिबल पावसात संपते. त्याच पावसात १४ गिगाहर्ट्झला १३ जातात. दोन्ही दिशा जवळपास एकाच पावसात संपतात. असा तोल जुळला की समजावे, कुठेही जागा वाया गेलेली नाही. उलट दिशा आधी संपत असेल तर भोसरीची पॉवर किंवा सिम्बॉल रेट पुन्हा पाहावा.

तिसरी गोष्ट, अहवाल थांबल्यावर काय करायचे. दोन्ही मोडेममध्ये ‘किमान मॉडकॉडवर जा’, वाट पाहण्याची वेळ ३ सेकंद. एवढ्या एका सेटिंगने वरची साखळी तुटते.

पायऱ्या निवडताना २८ च्या २८ खुल्या ठेवण्यात शहाणपण नाही. काही मॉडकॉड जास्त डेसिबल घेऊन कमी वेग देतात. ८पीएसके ९/१० ला १०.९८ लागतात आणि एका सिम्बॉलमागे २.६८ बिट मिळतात. १६एपीएसके ३/४ ला १०.२१ लागतात आणि २.९७ मिळतात. ८पीएसके ३/५ पुढे क्यूपीएसके ८/९ चेही तसेच. ८पीएसके ५/६ सुद्धा १६एपीएसके २/३ पुढे कागदावर निरुपयोगी ठरतो. मात्र बीयूसी दाबला जात असेल तर तोच बरा, म्हणून बीयूसीची चाचणी होईपर्यंत तो काढू नका. मुख्य दिशेला शेवटी या पायऱ्या राहिल्या: क्यूपीएसके १/४, २/५, १/२, ३/५, ३/४, ८पीएसके ३/५, २/३, ३/४, १६एपीएसके २/३. शेजारच्या दोन पायऱ्यांत साधारण एक ते दोन डेसिबलचे अंतर. क्यूपीएसके ५/६ आणि ८पीएसके ३/५ मध्ये जेमतेम तीन दशांशाचा फरक असल्याने एकच ठेवली.

मार्जिन १.० का, तर वेळेमुळे. उपग्रहाची एक फेरी (एका टोकाकडून वर आणि खाली दुसऱ्या टोकाला) २४० मिलिसेकंदांच्या आसपास. भोसरीने मोजायला व सरासरी काढायला अर्धा सेकंद, अहवालाला एक फेरी, बदललेला मॉडकॉड पोचायला दुसरी. मिळून एक सेकंद. वळवाची सर सेकंदाला ०.५ डेसिबलने उतरली तर तेवढ्यात अर्धा डेसिबल जातो, उरलेला अर्धा रीडिंगच्या थरथरीसाठी. निव्वळ संततधारेचा पाऊस असता तर ०.७ ही पुरले असते. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी सरी डोळ्यांसमोर ठेवून १.० च्या खाली जाऊ नये. उतरताना लगेच उतरायचे. चढताना ०.५ डेसिबल जास्तीचे दिसले आणि दहा सेकंद टिकले, तरच एक पायरी चढायचे.

लॉक आहे, तरी डेटा येत नाही

इतके करूनही नियंत्रण कक्षातून ‘पावसात लिंक जाते’ हीच तक्रार येऊ शकते आणि मोडेमच्या लॉगमध्ये लॉक एकदाही सुटलेला नसतो. दोष तेव्हा ठाण्याच्या राउटरमध्ये असतो. त्याला ५ एमबीपीएसची वेगमर्यादा लावलेली आणि कॅमेरे यूडीपीवर (पोच न मागता डेटा पाठवण्याची पद्धत) ३ एमबीपीएस ओततच असतात. मोडेम तळाला गेल्यावर त्याच्या २०० किलोबाइटच्या बफरमधून एक पॅकेट बाहेर पडायला ०.३ ऐवजी १.७ सेकंद लागतात, शिवाय बफर भरून नवीन पॅकेट टाकली जातात. त्यात पातळीचे पॅकेटही जाते.

प्राधान्य मोडेममध्येच लावा, कारण या क्षणाचा खरा वेग फक्त त्यालाच माहीत असतो. पातळी आणि पर्जन्यमापक सर्वात वर, कमाल ६४ केबीपीएस. त्याखाली आवाज, कमाल १०० केबीपीएस. मग कॅमेऱ्याची स्थिरचित्रे आणि शेवटी व्हिडिओ. राउटरने पॅकेटवर प्राधान्य सांगणारी डीएससीपी खूण लावायची, मोडेमने ती वाचायची. खूण मध्ये कुठे पुसली जात नाही ना, हे पॅकेट पकडून पाहा. पुष्कळ ठिकाणी घोळ तिथेच असतो.

वेग मोजतानाही फसगत होते. एका टीसीपी सेशनची (पोच घेत डेटा पाठवण्याची पद्धत) विंडो, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा, ६४ किलोबाइट असेल आणि जाऊन-येऊन ५५० मिलिसेकंद लागत असतील, तर तो सेशन ०.९५ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, मॉडकॉड कोणताही असो. मोजायचे तर यूडीपीने मोजा, नाहीतर अनेक सेशन एकदम चालवा.

पावसाची वाट न पाहता तपासणी

सेटिंग बदलताना आधी ताम्हिणीचे टोक, मग भोसरीचे. उलट केले आणि लिंक पडली तर घाटात गाडी पाठवावी लागते. तपासणीच्या दिवशी ठाण्यावर कन्सोल केबल घेऊन माणूस हवाच.

ठाण्याच्या मोडेमची पॉवर दर सेकंदाला ०.५ डेसिबलने, एकूण १३ डेसिबल उतरवा आणि तशीच चढवा. उतरताना प्रत्येक पायरीवर मॉडकॉड बदलला पाहिजे आणि न सुधारलेल्या फ्रेम्सचा आकडा हलता कामा नये. हलला तर मार्जिन ०.३ ने वाढवून पुन्हा. तळाला पोचल्यावर दोन मिनिटे थांबा, कॅमेरे पूर्ण वेगाने चालू ठेवा आणि पातळीचे आकडे वेळेवर येतात का ते पाहा. हा टप्पा गाळला जातो आणि खरे उत्तर तिथेच असते. मग भोसरीचा कॅरियर दहा सेकंद म्यूट करा. तीन सेकंदांनंतर ठाण्याचा कॅरियर क्यूपीएसके १/४ वर गेलेला भोसरीत दिसायला हवा.

निरीक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना अलार्म ईबी/एन-नॉटवर (चिन्हाऐवजी एका बिटामागचे तेच गुणोत्तर) असेल तर तो ईएस/एन-नॉटवर आणा. मॉडकॉड बदलला की ईबी/एन-नॉट आपोआप उडी मारतो: १६एपीएसके २/३ वर दोघांत ४.२ डेसिबलचा फरक, क्यूपीएसके १/४ वर उलट्या बाजूने ३.१ चा. रीडिंग आणि मॉडकॉड दोन्ही दर दहा सेकंदांनी, पर्जन्यमापकाच्या आकड्यांसोबत एकाच फाइलमध्ये साठवा. पाऊस थांबल्यावर अर्धा तास उलटूनही रीडिंग दोन डेसिबल खाली असेल तर आकाशाला दोष देऊ नका. फीडच्या तोंडावरचा पडदा ओला किंवा चिरलेला असतो, नाहीतर केबलच्या जोडणीत पाणी शिरलेले असते. पडदा पुसावा किंवा बदलावा, जोडणीवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लख्ख उन्हात दुपारी काही मिनिटे मॉडकॉड घसरला, तर सूर्य उपग्रहाच्या पाठीमागे आलेला असतो. तेव्हा काही करायचे नसते. लिंक आपोआप उतरते आणि आपोआप चढते.